पायरी एकोणीस

कमरेला गाठ एक असेल तर सहावर जा,
दोन असतील तर बावीसवर.
एकच आहे. मी सहावर जाते.

भिंगाखाली ती पडली आहे,
कागदाच्या त्रिकोणी टोकावर,
डाव्या कुशीला डिंकाचा ठिपका.
मीच चिकटवली. कणीच्या निम्मी असेल-नसेल.
रंग करपलेल्या भाताच्या पाण्याचा,
आम्ही जेवण झाल्यावर पितो त्या.

डॉक्टर ताहियाना विचारतात,
सोआझारा, तुझा हात कापत कसा नाही?
कसा कापेल?
बावीस हंगाम अंदापाच्या मळ्यांत
मी व्हॅनिलाच्या फुलांची लग्नं लावली.
फूल उघडतं एकाच सकाळी,
उन्हं चढली की मिटलं, ते मिटलं.
लिंबाच्या काट्यानं आतला पडदा उचलायचा,
अंगठ्यानं पराग टेकवायचा,
की पुढचं फूल.
दिवसाला हजार लग्नं, ना वाजंत्री, ना जेवणावळ.

डोळे असतील तर नऊ. नसतील तर दहा.
नाहीत.
जिथे असायचे तिथे गुळगुळीत कवच,
खोली बांधताना खिडकी ठेवायची राहून जावी तसं.
मारोजेजीच्या उतारावरचा पाला मी चाळला होता,
कापडी पिशवीत तीन दिवस टांगला होता.
पाला वरून सुकत जातो,
जीव ओल शोधत खाली उतरतात,
खाली स्पिरिटची बाटली.
तीही ओल शोधतच उतरली असणार.
याचा विचार मी मांडणी करताना करत नाही.
घरी जाताना करते.

स्पर्शिकेची पेरं मोजा.
तीनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना वीज गेली,
उरलेली फोनच्या उजेडात.
अकरा.

मग एकोणीस.
जबड्याला दात तीन, तर वीसवर जा.
दात पुष्कळ, करवतीसारखे, तर एकवीसवर.
हिला दातच नाहीत.
चमच्याच्या कडेसारखी नुसती कड.
मागे गेले, अठरा, सतरा, पार सहापर्यंत,
पुन्हा मुंगीच्या पावलांनी वर आले.
एकोणीस.
बोळक्या बाईसाठी पुस्तकात वाटच नाही.

म्हातारी असेल, डॉक्टर म्हणाले, झिजले असतील.
मी म्हटलं, माझी आई म्हातारी आहे.
तिच्या हिरडीत खुंट दिसतात.
झिजणं वेगळं, मुळात नसणं वेगळं.
ते हसले.
मग हसायचे थांबले.
मग खुर्ची ओढून भिंगापाशी बसले,
आणि मला चहा करायला सांगितलं नाही.

एकीवर काही ठरत नाही, ते शेवटी म्हणाले.
एकीचं अपंगपणही असू शकतं.
दुसरी आण.

आठ दिवसांनी गेले तर उतार काळा.
माझ्याच दिरानं भातासाठी पेटवलेला.
काय बोलणार त्याला,
त्या भाताचं एक पोतं माझ्या दारात येतं.
जळक्या पट्ट्याच्या कडेला, ओढ्याच्या अंगाला,
अजून थोडं हिरवं होतं. तेवढं चाळलं.
कोळी सतरा, गोगलगाय एक,
डोळेवाल्या मुंग्या कितीतरी.

चिठ्ठी लिहिली, बोटाच्या नखावर मावेल एवढी.
डोंगर. उंची. तारीख. कुजक्या पाल्यातून.
गोळा करणार: सोआझारा.
जातीचा रकाना मोकळा.
शाळेत बापाचं नाव विचारलं तेव्हासुद्धा
मी काहीतरी लिहून दिलं होतं.
हा मोकळा ठेवला.
टाचणी खोवली, खण लावला,
पुन्हा उघडून पाहिला, आहे ना.

मळेवाल्याचा निरोप आलाय,
वेलांना कळ्या धरल्यात, माणसं कमी आहेत.
मी कळवलं,
सकाळी येईन.
दुपारी मला ओढ्याकाठी काम आहे.